उतरलेला ताप पुन्हा चढला तेव्हा

मी डॉक्टर झाले ती कोविडच्या काळात. त्यामुळे माझं शिक्षण एका अंगानं फार पक्कं झालं आणि दुसऱ्या अंगानं फार कच्चं राहिलं. इंटर्नशिप सुरू झाली 2020 च्या मार्चमध्ये, सोलापूरला. स्वॅब कसा घ्यायचा, पीपीईची चेन कुणाकडून लावून घ्यायची, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा कुठं आला की आरडाओरडा करायचा, हे झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. बालरोग विभागातले दिवस मात्र रिकाम्या खाटांमध्ये गेले. शाळा बंद, अंगणवाड्या बंद, लग्नकार्यं बंद, पोरं घरात. एरवी पावसाळ्यात एका खाटेवर दोन दोन लेकरं असणाऱ्या त्या वॉर्डात सिस्टर जुनी रजिस्टरं लावत बसायच्या. न्यूमोनिया झालेलं मूल श्वास कसा घेतं, हे मी पुस्तकात वाचलं आणि व्हिडिओत पाहिलं.

मग ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करण्यासाठी लागणाऱ्या प्लॅबच्या परीक्षा दिल्या, आणि 2022 च्या पानगळीच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या मिडलँड्स भागात एका मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात कनिष्ठ डॉक्टर म्हणून रुजू झाले. कन्सल्टंटना पहिल्या नावानं हाक मारायची, ही सक्ती मला सगळ्यात जड गेली. निवृत्तीला आलेल्या बाईंना नुसतं नावानं बोलावताना जीभ अडखळायची, म्हणून मी कितीतरी दिवस 'एक्स्क्यूज मी' एवढ्यावरच भागवलं.

इथला पहिला धडा होता 'व्हायरल' या शब्दाचा. नाक गळतंय, ताप आहे, खोकला आहे, पण मूल खेळतंय, पाणी पितंय, लघवी होतेय, म्हणजे व्हायरल. पॅरासिटामॉल द्या, पाजत राहा, घरी न्या. सोलापुरात एवढंच सांगून आईला परत पाठवलं असतं, तर तिनं बाहेर पडताच दुसरा दवाखाना गाठला असता. इथली आई 'थँक यू' म्हणून जायची. अँटिबायोटिक न देता रुग्ण खूश, हे मला स्वर्गासारखं वाटलं. ऑक्टोबरात आरएसव्हीची तान्ही बाळं आली, त्यांच्या मागोमाग मेटान्यूमोव्हायरसची आली, नोव्हेंबरात फ्लू उसळला. वॉर्ड भरला, कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्या लागल्या, आणि मी दिवसभर तेच वाक्य म्हणत राहिले. ते बहुतेक वेळा खरंही होतं. पुढचा सगळा घोळ त्या 'बहुतेक'मुळेच झाला.

नोव्हेंबर संपता संपता बातम्या यायला लागल्या. शाळकरी मुलं दगावत होती, आणि कारण होतं ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस. 2 डिसेंबरला ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा संस्थेनं आकडे जाहीर केले. एक ते चार वर्षांच्या मुलांत या जंतूचा रक्तात किंवा फुफ्फुसात घुसणारा गंभीर आजार लाखामागे 2.3 इतका दिसत होता. महासाथीच्या आधीच्या हंगामांत त्याच सुमारास तो सरासरी 0.5 असायचा. हा आकडा छोटाच आहे. पण 'लाखात दोन' हे वाक्य आईबापांना ऐकूच येत नाही. त्या शनिवार-रविवारपासून तातडीच्या विभागाबाहेर रांग लागली, आणि प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर एकच बातमी.

माझा गोंधळ निराळाच होता. स्ट्रेप्टोकॉकस म्हणजे आमच्याकडे हृदयाची झडप. घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, झडपा खराब होतात, मग वर्षानुवर्षं दर 21 दिवसांनी कमरेत पेनिसिलिनचं ते दुखरं इंजेक्शन. सोलापूरच्या ओपीडीत आईचा हात धरून येणाऱ्या अशा मुली मी पाहिल्या होत्या. छातीत पू झालाय म्हटलं की आमच्या डोक्यात पहिल्यांदा स्टॅफिलोकॉकस येतो, नाहीतर टीबी. इथं त्याच घशातल्या जंतूनं झडपेऐवजी फुफ्फुसाचा रस्ता धरला होता. याच जंतूनं येणारा, अंगभर लाल पुरळ उठवणारा स्कार्लेट फीव्हर तर मी फक्त चित्रात पाहिला होता, तोही गोऱ्या कातडीवर. आमच्या रुग्णांत सोमाली, पंजाबी, जमैकन, गुजराती मुलं भरपूर. सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही. एका अनुभवी नर्सनं माझा हात धरून एका मुलाच्या पोटावरून फिरवला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटांना मात्र कातडी खरखरीत लागत होती. तेव्हापासून मी आधी हात फिरवते, मग बघते.

तर प्रश्न असा: रांगेतल्या पन्नास मुलांना ताप आहे, पन्नासांचे घसे लाल आहेत, पन्नासजण खोकतायत. त्यातलं एखादंच असं, की ज्याच्या छातीत आत्ता पू साठायला सुरुवात झालीय. ते ओळखायचं कसं? मी हे आमच्या कन्सल्टंट बाईंना विचारलं. मला वाटलं, त्या एखादी तपासणी सांगतील, एखादा गुणांक सांगतील. त्या म्हणाल्या, "आईबापांना विचार, मधे एखादा दिवस बरा गेला होता का." एवढंच सांगून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

याचा अर्थ मला समजावला तो सांगलीकडच्या एका आजींनी.

चार वर्षांचा मुलगा, सोबत वडील आणि आजी. घरात पंधरा दिवसांची बाळंतीण, म्हणून आई आलेली नव्हती. आजी मुळात बाळंतपणासाठीच इंग्लंडात आलेल्या. वडील आयटीत, त्यांनी फोनवर नोंदी ठेवलेल्या. ते नीट इंग्रजीत सांगत होते की सहा दिवस ताप आहे, डॉक्टरांनी फ्लू सांगितलाय, आणि आज मूल जरा जास्त थकलंय. माझ्या गळ्यातल्या पट्ट्यावरचं आडनाव वाचून आजी मधेच म्हणाल्या, "तू आपल्यातलीच की गं. मग मी सांगते. सहा दिवस सलग नव्हता ताप. तिसऱ्या दिवशी उतरला होता. पोरगं खेळायला लागलं, वरणभात खाल्ला. परवापासून पुन्हा चढलाय, आणि हा ताप वेगळाय. आणि बघ, डाव्या कुशीवरच निजतंय. उजवीकडं वळवलं की रडतंय."

वडील म्हणाले, "आई, ते महत्त्वाचं नाहीये."

ते फार महत्त्वाचं होतं. मी डाव्या बाजूला पाठीवर बोटं ठेवून ठोकून पाहिलं. खालच्या निम्म्या भागात बद्द आवाज. श्वासाचा आवाज तिथं जवळजवळ नाहीच. मूल ज्या बाजूला दुखतं ती बाजू दाबून निजतं, म्हणजे ती कमी हलते आणि कमी दुखते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण 'डाव्या कुशीवर निजतंय' हे वाक्य पुस्तकात नसतं. एक्स-रेत छातीची डावी बाजू खालून पांढरी. सोनोग्राफीत फुफ्फुसाच्या भोवतीचं पाणी साधं राहिलं नव्हतं. त्यात पडदे तयार होऊन मधाच्या पोळ्यासारखे कप्पे झाले होते. नाकाच्या स्वॅबमध्ये फ्लू ए सापडला. रक्ताच्या कल्चरमध्ये दुसऱ्याच रात्री साखळीनं वाढणारे गोल जंतू दिसले, आणि प्रयोगशाळेतून फोन आला: ग्रुप ए स्ट्रेप. म्हणजे दोन्ही. आधी विषाणू, मग जीवाणू.

उपचारांत माझ्या समजुतीचे आणखी एक-दोन खांब हलले. पेनिसिलिन वापरात येऊन ऐंशी वर्षं झाली, तरी या जंतूनं पेनिसिलिनला दाद द्यायची सोडलेली नाही. सगळे जंतू औषधाला निर्ढावत चालले असताना हा एक अजून जुन्याच औषधानं मरतो. मग पोरं गंभीर का होतात? कारण मरेपर्यंत तो विष ओकत असतो. म्हणून शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोनच्या जोडीला क्लिंडामायसिन लावलं. ते जंतूचा प्रथिनं बनवायचा कारखानाच बंद पाडतं, म्हणजे विष तयार होणं थांबतं. भूल देऊन सर्जननं छातीत नळी टाकली, आणि नळीतून दर बारा तासांनी युरोकायनेज सोडायचं ठरलं: एका वेळी 40,000 युनिट 40 मिलीलिटर सलाइनमध्ये, चार तास नळी बंद, मग खुली; असं तीन दिवस. या औषधानं ते पडदे विरघळतात आणि पू वाहून येतो. पहिल्यांदा नळीला चिमटा लावताना माझ्या हाताला घाम सुटला होता. आजी खाटेशेजारी जप करत होत्या आणि दर चिमट्याला विचारत होत्या, "आता हे बंद केलंस, मग घाण बाहेर कशी यायची?" प्रश्न रास्त होता. मी दरवेळी पहिल्यापासून समजावून सांगायचे.

याच काळात दुसरं एक नाटक चाललं होतं, औषधांचं. घरात तान्हं बाळ आणि बाळंतीण असल्यानं त्या दोघांना प्रतिबंधक औषध द्यायचं ठरलं. चिठ्ठी लिहून दिली, आणि वडील एका फार्मसीतून दुसऱ्या फार्मसीत हिंडत राहिले. पेनिसिलिनचं पातळ औषध शहरात कुठंच नव्हतं. त्याला कारण होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला इथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, एनएचएसनं, डॉक्टरांना सूचना दिली होती की या हंगामापुरतं घशाच्या आजाराला अँटिबायोटिक लवकर द्या. सूचना योग्यच होती, पण देशभरातल्या लहान मुलांसाठी एकाच आठवड्यात पुरेल एवढं सरबत गोदामांत नव्हतं. 15 डिसेंबरला सरकारनं फार्मासिस्टांना परवानगी दिली की लिहिलेलं औषध नसेल, तर डॉक्टरला परत न विचारता ठरावीक पर्यायी औषध द्या. त्याच दिवशी नर्सांचा ऐतिहासिक संप होता. आमच्या फार्मसीनं गोळी चुरून मुलांना कशी द्यायची याचं सचित्र पत्रक काढलं. गोळीचा चुरा चमच्यात कालवून नाक दाबून पाजणं ही ज्या देशात घरोघरची विद्या आहे तिथून मी आलेली. ते पत्रक वाचून त्या दिवसात पहिल्यांदा मला हसू आलं.

हे सगळं आत्ताच का, हा प्रश्न रोज कॅन्टीनमध्ये व्हायचा. सगळ्यात सोपं उत्तर तयार होतं: 'इम्युनिटी डेट', म्हणजे दोन वर्षं मुलं घरात राहिली, जंतू भेटले नाहीत, त्याचं कर्ज आता व्याजासकट फिटतंय. मला ही भाषा आवडत नाही. जणू शरीरानं दरमहा थोडं थोडं आजारी पडायचा हप्ता भरायचा असतो! पण त्यातला एक भाग खरा आहे. चार वर्षांच्या त्या मुलाचे मधले दोन हिवाळे बंद दारामागे गेले होते. एरवी वेगवेगळ्या वर्षांत पहिल्यांदा जंतू भेटणारी मुलं या वेळी एकाच हिवाळ्यात एकदम शाळेत आली. कोरडी फाटी वाढली म्हणजे वणवा मोठा होतो. फाटी दुबळी झाली असं त्यातून ठरत नाही.

मी सुट्टीच्या दिवशी वाचायला बसले, आणि दोन गोष्टींनी चक्रावले. 2020 च्या टाळेबंदीत न्यूमोकॉकस, हिमोफिलस आणि मेनिंगोकॉकस या श्वासातून पसरणाऱ्या जंतूंचे गंभीर आजार एकदम घसरले. 26 देश आणि प्रदेशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून हे दाखवलं. त्यांनी तुलनेसाठी एक जंतू मुद्दाम धरला होता, ग्रुप बी स्ट्रेप, जो आईकडून जन्माच्या वेळी बाळाला मिळतो आणि श्वासावाटे पसरत नाही. त्याचा आलेख सपाट राहिला. म्हणजे बाकीच्यांची घसरण ही नोंदीतली चूक नव्हती. दुसरी गोष्ट इस्रायलची. तिथं मुलांच्या नाकात न्यूमोकॉकस त्या काळातही जवळपास पूर्वीइतकाच सापडत होता, आणि तरी न्यूमोनिया मात्र खूपच घटला होता. जंतू जागेवर, आजार गायब! गैरहजर होते ते विषाणू: आरएसव्ही, फ्लू, मेटान्यूमोव्हायरस.

इथं मला आजींचा 'उतरलेला ताप' कळला. विषाणू श्वासनलिकेच्या आतलं अस्तर सोलतो, घाण वर ढकलणारे बारीक केस झडतात, पहारेकरी पेशी काही दिवस सुस्तावतात. विषाणूचा ताप उतरतो, मूल वरणभात खातं, आणि नेमक्या त्याच दिवसांत नाका-घशात निवांत बसलेला जीवाणू खाली उतरतो. हे नवं नाही. 1918 च्या साथीत मेलेल्यांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले काप अमेरिकी संशोधकांनी 2008 मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांच्या मृत्यूमागे फ्लूनंतरचा जीवाणूंचा न्यूमोनियाच निघाला. 1918 मध्ये मुंबईच्या गोदीतून जी साथ देशभर पसरली आणि कोट्यवधी माणसं गेली, तेव्हा पेनिसिलिन जगात कुठंच नव्हतं. आमची पिढी विषाणू ही एकच गोष्ट दोन वर्षं इतक्या मन लावून शिकली, की त्याच्या पाठीमागून कोण येतं याची चौकशी करायची सवयच लागली नव्हती.

मात्र सगळं खापर टाळेबंदीवर फोडणंही मला पटत नाही. इंग्लंडात स्कार्लेट फीव्हर 2014 पासूनच वाढत होता. लंडनच्या संशोधकांनी 2019 मध्ये, म्हणजे कोविडच्या आधीच, या जंतूचा एक नवा वाण ओळखला होता. जुन्या वाणापेक्षा जनुकांत जेमतेम 27 बदल, पण ताप-पुरळ आणणारं एक विष तो कितीतरी जास्त बनवतो. त्याला एम1यूके म्हणतात. म्हणजे वाणही तयार होता, फ्लूही लवकर आला, आणि न भेटलेली मुलंही भरपूर. यातला कुठला धागा किती जाड, हे मला कोणी विचारलं तर मी कन्सल्टंट बाईंकडे बोट दाखवते. त्या खांदे उडवतात.

त्या हिवाळ्यानंतरही गोष्टी सरळ रेषेत आल्या नाहीत. 2023 च्या फेब्रुवारीत एनएचएसची ती तात्पुरती सूचना मागे घेतली गेली, आणि जो लाल घसा आदल्या आठवड्यात औषधाला पात्र होता तो पुढच्या आठवड्यात पुन्हा 'व्हायरल' झाला. पुढच्या पानगळीत मायकोप्लाझ्मा नावाचा जीवाणू आला. चीनच्या उत्तर भागातली भरलेली बालरुग्णालयं टीव्हीवर दिसली, जागतिक आरोग्य संघटनेनं खुलासा मागवला, आणि पुन्हा सगळ्यांना नव्या महासाथीची धास्ती बसली. निघाला जुनाच जंतू, बाकीच्यांपेक्षा उशिरा परतलेला. त्याला पेशीची भिंतच नसते, आणि पेनिसिलिन भिंतीवर घाव घालणारं औषध. एक अख्खा हिवाळा 'पेनिसिलिनला उशीर नको' हे घोकून मी तयार झाले, तर समोर असा गडी आला की ज्याला पेनिसिलिन लागूच पडत नाही.

पण त्या सगळ्याआधी, 2023 च्या जानेवारीच्या शेवटी, तो चार वर्षांचा मुलगा तपासणीला आला होता. नळीच्या जागी बोटाच्या पेराएवढा व्रण, एक्स-रेत डावा कोपरा किंचित धूसर, बाकी फुफ्फुस स्वच्छ. अशा आजारात मुलांची फुफ्फुसं मोठ्यांपेक्षा फार छान भरून येतात, हे मी वडिलांना सांगितलं. त्यांनी ते फोनमध्ये लिहून घेतलं. आजी परतीच्या तिकिटाच्या गडबडीत होत्या, तरी मुद्दाम आलेल्या.

"एकदा झालं म्हणजे आता सुटला ना हा?" त्यांनी विचारलं. "गोवरासारखं?"

"नाही आजी. गोवर एकच असतो. ह्या जंतूचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. एकाची ओळख झाली म्हणून दुसरा सोडत नाही."

"मग लस द्या की."

"त्याची लस अजून निघालेली नाही."

आजींनी माझ्याकडे, मग भिंतीवरच्या कोविड लसीकरणाच्या पोस्टरकडे पाहिलं. "मग दोन वर्षं तुम्ही लस लस म्हणून आमच्या मागं लागला होता, ती कसली?"

"ती वेगळी."

"वेगळी," त्या म्हणाल्या, आणि मुलाकडे वळल्या. "तुला म्हटलं होतं ना, बाहेर जाताना कान बांधायचे म्हणून?"